उसाची मोळी आणि जिनिव्हाचा निकाल

हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या कसबा बावड्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते, पण तिचा भाव बावड्यात ठरत नाही.

केंद्र सरकार एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर ठरवतं. 2025-26 साठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,550 रुपये. आपल्याकडे उतारा चांगला, म्हणून दर वर जातो. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, आणि उरतं ते शेतकऱ्याचं.

साखर जास्त झाली तेव्हा 2019-20 मध्ये सरकारनं निर्यातीसाठी टनाला 10,448 रुपये अनुदान दिलं. भारताच्या अशा मदतीविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला 2019 मध्येच जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेकडे गेले होते. डिसेंबर 2021 मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला. नुसत्या निर्यात अनुदानावर नाही, एफआरपीवरही बोट ठेवलं गेलं! एफआरपी सरकार देत नाही, कारखाना देतो. ही बाजू भारतानं मांडली आणि ती मला पटते. भारतानं अपील केलं. पण तिथलं अपील मंडळच न्यायाधीशांअभावी 2019 च्या डिसेंबरपासून बंद आहे.

इकडे 1 जून 2022 पासून देशातली साखर महागू नये म्हणून निर्यातीवर आपल्याच सरकारनं निर्बंध घातले. तेव्हा जगात साखरेला भाव होता. बावड्याच्या शिवारात मात्र खताचं पोतं आणि मजुरी रोखीनंच द्यावी लागत होती.