जे येत नाहीत, त्यांच्याविषयी
(महोत्सव समारंभातील भाषण)



आपल्या वाचनालयात कोण येतो याची नोंद वहीत असते. जे येत नाहीत त्यांची नोंद कोणीच ठेवीत नाही. मला आज त्यांच्याचविषयी बोलावयाचे आहे.

भेस्तान-पांडेसऱ्याकडे लूमवर बारा तासांची पाळी असते. भुसावळच्या गाडीने खानदेशातून आलेला आपला माणूस पाळी संपवून निघतो, तेव्हा वाचनालयाला कुलूप असते. घरची बाई साड्यांना टिकल्या लावीत बसलेली. तिला उंबरा ओलांडावयास फुरसद कोठली? त्यातून अनामत रक्कम, हमीदाराची सही आणि ती काचेची कपाटे! या मंडळींना वाचनाची आवडच नाही, असे आपण म्हणतो. पुडीचा कागद उलगडून वाचणारे लोक मी या वस्तीत रोज पाहतो.

या प्रश्नाचा विचार आपल्या शेजारी शंभर वर्षांपूर्वीच झाला आहे. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होती. महाराज सयाजीराव हे मूळचे मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचे, म्हणजे आपल्याच मुलखाचे. त्यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर मूल अक्षरे विसरते. आम्हां शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलाविले आणि पुढे लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जाऊ लागली. वाचकास फी नव्हती. बॉर्डननंतर जनार्दन सखाराम कुडाळकरांनी हे काम नेटाने चालविले. आपल्याच काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही पेट्यांचीच योजना चालविली.

महोत्सव निधीतून नवी कपाटे घ्यावीत, अशी सूचना आहे. माझा तिला विरोध आहे. त्या पैशांत पंचवीस-पंचवीस पुस्तकांच्या पेट्या कराव्यात. मोठ्या टाइपाच्या गोष्टी, आरोग्य, पाककृती, मुलांसाठी गुजराती. आणि माझ्या घराप्रमाणे जेथे मराठी व उर्दू एकाच फळीवर नांदतात, तेथे दोन्ही. पेटी चाळीतल्या एखाद्या बाईच्या स्वाधीन करावी. कोणाच्या घरी कोणते पुस्तक गेले, हे तिला वहीवाचूनही ठाऊक असते.

पुस्तके हरवतील, असे खजिनदार म्हणतात. काही हरवतील, त्यासाठी अंदाजपत्रकात थोडी रक्कम धरावी. पेट्या रविवारी मी व माझे विद्यार्थी पोहोचवू. हातगाडीचे भाडे तेवढे सभेने आज मंजूर करावे.