उजवीकडे पळणारा चेंडू

उजव्या हाताने गोल्फ खेळणाऱ्या नवशिक्याला सर्वांत जास्त छळतो तो ‘स्लाइस’. ड्रायव्हरने जोरात मारलेला चेंडू सरळ निघतो आणि हवेतच उजवीकडे वळतो. शेजारच्या फेअरवेवर कोणी असेल, तर जिवावरही बेतायचे! मी घाबरून डावीकडे नेम धरू लागलो, तर चेंडू अधिकच वळू लागला. कारण क्लबचा मार्ग डावीकडे गेला, पण क्लबचे तोंड उजवीकडे उघडेच राहिले. या दोहोंतल्या फरकामुळेच चेंडूला ही फिरकी मिळते.

मग करायचे काय? ग्रिपवरचा डावा हात थोडा उजवीकडे वळवा. वरून पाहताना मुठीचे दोन-तीन उंचवटे दिसले पाहिजेत. चेंडू डाव्या टाचेसमोर ठेवा. आणि ज्या उजव्या बाजूची धास्ती वाटते, तिकडेच क्लब मोकळेपणाने जाऊ द्या.