करमरकरांचे गणित आणि पाळीचा तक्ता



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलत आली आहेत. आम्ही कामगार चळवळीतले. आमचे शिक्षण झाले ते रात्रशाळेत आणि फुकट वाचनालयात. अशांनी नरेंद्र करमरकर या गणितज्ञावर बोलावे याचे कोणाला नवल वाटले तर तो दोष त्यांचा नव्हे. पण त्यांच्या शास्त्राशी आमची गाठ ग्रंथात पडली नाही. ती पडली एका बस आगाराच्या सूचनाफलकावर.

पंधराएक वर्षांपूर्वी त्या आगारात पाळ्यांचा तक्ता प्रथमच संगणकाने केला. रात्री सव्वाबाराला गाडी लावणाऱ्या चालकाला सकाळी सव्वानवाला हजेरी. कागदावर ९ तासांची विश्रांती पुरी! पण शेवटची लोकल तोवर निघून गेलेली असे, आणि माणूस पहिल्या गाडीपर्यंत आगारातल्या बाकावर पडून राही. साहेब म्हणाले, "हे गणित आहे, यात आमचा हात नाही." आम्ही गेटवर सभा घेतली आणि संगणकाचा भरपूर उद्धार केला. सभेनंतर आमचे रात्रशाळेतले जुने गुरुजी म्हणाले, "ज्याला शिव्या देता ते आहे तरी काय, हे एकदा पाहाल की नाही?"

ते पाहता पाहता आम्ही करमरकरांपर्यंत पोचलो.

गोष्ट अशी आहे. गाड्या इतक्या, माणसे इतकी, तास इतके, असे प्रत्येक बंधन म्हणजे एक भिंत समजा. सगळ्या भिंती मिळून पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखा एक आकार होतो. त्याच्या आतले सगळे तक्ते चालण्याजोगे. त्यांतला सर्वांत स्वस्त तक्ता एखाद्या कोपऱ्यावर सापडतो. तो शोधण्याची रीत अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली बसवली: कडेकडेने एका कोपऱ्यावरून शेजारच्या चांगल्या कोपऱ्यावर जायचे. रीत नामी, पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असा एक आकार रचून दाखवला की बिचाऱ्या पांथस्थाला सगळेच कोपरे हिंडावे लागावेत. चल राशी ३० असल्या तर कोपरे १०७ कोटींवर जातात! १९७९ मध्ये रशियाच्या खाचियान यांनी या संकटातून तत्त्वतः सुटणारी रीत दिली. व्यवहारात मात्र ती फार मंद निघाली.

करमरकर ग्वाल्हेरचे. १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदवी, मग बर्कलेला रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली डॉक्टरेट, आणि नंतर बेल प्रयोगशाळेत नोकरी. १९८४ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांनी कड सोडली आणि हिऱ्याच्या पोटातून वाट काढली. भिंतीला चिकटलेल्या माणसाला मोठे पाऊल टाकता येत नाही. म्हणून दर पावलाला ते सगळा आकारच असा बदलून घेतात की आपण उभे आहोत ती जागा मध्यभागी यावी. मग लांब टांग टाकायची, पुन्हा आकार बदलायचा. १९ नोव्हेंबर १९८४ ला ही वार्ता 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर दिली.

पुढे वाद झाले. कंपनी रीतीचे बारकावे उघड करीत नाही, अशी इतर गणितज्ञांची तक्रार होती. रशियाचे दिकिन यांनी १९६७ मध्येच अशी एक वाट दाखवल्याचेही मागाहून ध्यानात आले. आणि चुरशीमुळे डँट्झिग यांची जुनी रीतही चांगली धावू लागली. आज दोन्ही वापरात आहेत. १९८८ मध्ये करमरकरांच्या रीतीवर पेटंट मिळाले. कंपनीने ८ प्रक्रियक एकदम चालणाऱ्या संगणकासह ती विकायला काढली, किंमत ८९ लाख डॉलर. गणिताच्या रीतीला कुंपण घालावे हे आम्हांला पटत नाही. परंतु शोध पगारी नोकराचा आणि हक्क कंपनीचा, हे वाचल्यावर करमरकर आम्हांला एकदम आपल्यातलेच वाटू लागले! ते कुंपण २००६ मध्ये मुदत संपून पडले.

त्यांचे पुढचे काम अनेक प्रक्रियक एकमेकांना कसे जोडावेत याविषयी होते. त्यासाठी त्यांनी प्रक्षेपी भूमिती हाताशी धरली. काही वर्षे ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुण्यातल्या ज्या संस्थेच्या 'एका' या महासंगणकाने नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा क्रमांक मिळवला, तिच्या प्रारंभाशीही त्यांचा संबंध होता.

आता आगाराकडे वळू. गुरुजींनी आम्हांला एकच प्रश्न शिकवला होता: भिंती कोणी घातल्या? आम्ही साहेबांकडे अटींची यादी मागितली. चार महिने भांडल्यावर ती मिळाली. डिझेलची अट होती, धुलाईची होती. माणूस घरी जातो कसा, याची नव्हती. संगणकाने लबाडी केली नव्हती. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

मग आम्ही तक्ता दोनदा करून मागितला, आमच्या अटीविना आणि अटीसह. फरक रोजच्या दोन जादा पाळ्यांचा निघाला. अटीची किंमत गणितातून निघते हे लेनिनग्राडच्या कांटोरोविच यांनी फार पूर्वी ओळखले होते. १९३९ मध्ये प्लायवुडच्या कारखान्याचे कोडे सोडवताना ते त्यांना सापडले. तेथल्या अधिकृत अर्थशास्त्र्यांना त्यात श्रममूल्याच्या सिद्धान्ताला धोका दिसला. नोबेल मिळाले ते १९७५ साली. आम्ही श्रममूल्य मानणारेच, तरीही वाटाघाटीच्या टेबलावर तो 'दोन'चा आकडा आम्हांला दहा सभांहून अधिक कामी आला.

एक गोष्ट मात्र लपवू नये. जोर चढून आम्ही आणखी मागण्या घातल्या, त्यांत वाहकांना एकाआड एक रविवार सुटीही होती. संगणकाने उत्तर दिले, असा तक्ताच नाही. आम्ही फसवणूक म्हणून ओरडलो. दोन रात्री कागदावर मांडणी करून पाहिली. असलेल्या माणसांत आणि रविवारच्या गाड्यांत खरोखरच तो बसत नव्हता. आमच्याच भिंती एकमेकींवर आदळत होत्या, आणि एक काढणे भाग होते. कार्यकारिणीत मते घेतली. रात्रीच्या पाळीनंतर १२ तासांची विश्रांती राहिली, रविवार गेला.

चालक घरी झोपू लागले. त्या आगारातले काही वाहक मात्र अजूनही आम्हांला पाहिले की रस्ता ओलांडतात.