डोळ्यांची निगा आणि आजची नेत्रचिकित्सा
(सुकापूर येथील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. मराठी व इतिहास शिकविणारा एक बी. ए., बी. एड. शिक्षक आहे. तेव्हा नेत्ररोगांवर बोलण्याचा यांना अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. अधिकार एवढाच की या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा होता. अभ्यासात बरा, पण पेल्यात पाणी ओतू लागला की निम्मे बाहेर जाई, झेल हमखास सुटे, डाव्या बाजूच्या बाकाला तो रोज धडके. मी त्याचे नाव ‘वेंधळा’ ठेवले. वर्ग हसे, मीही हसे. एके दिवशी खडूची पूड त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. त्याने तो डोळा हाताने झाकला आणि घाबरून म्हणाला, “सर, फळा दिसत नाही!” डावा डोळा तर उघडाच होता.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की डाव्या डोळ्याचा नंबर लहानपणापासून फार मोठा आहे. अशा वेळी मेंदू त्या डोळ्याचे अस्पष्ट चित्र स्वीकारणेच सोडून देतो. डोळा वरून निरोगी दिसतो, पण त्याची दृष्टी वाढत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. चांगल्या डोळ्याने मुलाचे सर्व काम चालत असल्यामुळे ते तक्रार करीत नाही. त्याला वाटते, सर्वांना असेच दिसत असावे. दोन्ही डोळे मिळून अंतराचा जो अंदाज येतो, तो मात्र त्याला येत नाही. पाणी सांडत होते ते त्यामुळे.

यावरील उपचार म्हणजे योग्य चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला कामाला लागावेच लागते. हा उपचार सात-आठ वर्षांच्या आत झाला तर उत्तम. त्यानंतर उपयोग नाही असे पूर्वी मानीत. परंतु 2005 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सात ते बारा वर्षांच्या मुलांपैकी नुसता चष्मा दिलेल्यांत सुमारे 25 टक्क्यांची दृष्टी सुधारली, तर चष्म्याबरोबर पट्टी व औषधाचे थेंब दिलेल्यांत 53 टक्क्यांची. तेरा वर्षांनंतर हा फरक जवळजवळ उरला नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याला तक्त्यावरच्या तीन ओळी अधिक वाचता येऊ लागल्या. पूर्ण दृष्टी आली नाही. तो पहिलीत असता कोणी पाहिले असते तर कदाचित आली असती.

म्हणून आज घरी गेल्यावर एक करा. भिंतीवरचे कॅलेंडर दहा पावलांवरून मुलाला दाखवा. एकदा उजवा डोळा तळहाताने झाकून, एकदा डावा. बोटांच्या फटीतून पाहू देऊ नका, मुले पाहतात! दोन्हींत फरक वाटला तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागत नाही.

आता घरातील वडीलधाऱ्यांविषयी. आपल्याकडे अजून म्हणतात, “मोतीबिंदू पिकू दे, मग काढू.” हा सल्ला एके काळी ठीक होता, आज नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. ते सुईने मागे ढकलण्याची क्रिया सुश्रुताच्या ग्रंथात आहे. इसवी सन 1000 च्या सुमारास मोसलचे अम्मार इब्न अली यांनी पोकळ सुईने तो गढूळ भाग शोषून घेण्याची पद्धत वर्णिली. त्याच काळात इब्न अल-हैसम यांनी, वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो म्हणून आपल्याला दिसते, हे मांडले. विद्यार्थ्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

काढलेल्या भिंगाच्या जागी नवे बसविण्याचे श्रेय लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांचे. महायुद्धात विमानांच्या फुटलेल्या झाकणाचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले, तरी डोळ्यांनी ते निमूट सोसले, हे त्यांनी पाहिले. पुढे शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने, नवे भिंग का बसवीत नाही, असे विचारले. 1949 च्या नोव्हेंबरात रिडलींनी पहिले भिंग बसविले, आणि समव्यवसायींचा रोष पत्करला. 1967 मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची ‘फेको’ पद्धत आणली. आता छेद तीन मिलिमीटरच्या आसपास असतो आणि बहुधा टाका लागत नाही. भिंग फार पिकून कठीण झाले की हेच काम अवघड होते. कधी ते आत पाझरून डोळ्याचा दाबही वाढतो. 1992 पासून मदुराईला भिंगे बनू लागल्यावर किंमत पुष्कळ उतरली. आपल्या पनवेलमध्ये लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे. नवीन पनवेलला शंकरा नेत्र रुग्णालय आहे, तेथे गरिबांच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. तेव्हा पैशाची सबब फारशी उरत नाही.

मोतीबिंदूने गेलेली दृष्टी परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. यात मेंदूकडे जाणारी नस सुकते, बहुधा डोळ्यातील वाढलेल्या दाबामुळे, आणि ती दुखल्याशिवाय सुकते. घरात एकाला असेल तर सख्ख्या भावंडांनी व मुलांनी तपासून घ्यावे. थेंब रोज घालावे लागतात. 2019 च्या इंग्लंडमधील अभ्यासात आरंभीच लेसर उपचार केलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. माझे वडील रमजानमध्ये थेंब बंद ठेवीत, रोजा तुटेल म्हणून. डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही, असे शाफई व हनफी दोन्ही मतांचे उलेमा सांगतात. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारा, सहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, पण महिनाभर औषध सोडू नका. अब्बांनी कोणालाच विचारले नव्हते. आज त्यांना डाव्या डोळ्याने फक्त उजेड कळतो.

मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, चांगले दिसत असले तरीही. लेसर आहे, डोळ्यातील इंजेक्शने आहेत; ती वेळेवर घेतली तर गुण येतो.

शेवटी विद्यार्थ्यांच्या आवडीचे. चीनमधील ग्वांगजो येथील शाळांत मुलांना रोज 40 मिनिटे अधिक उघड्यावर नेले. 2015 साली निष्कर्ष आले: तीन वर्षांत अशा शाळांतील सुमारे 30 टक्के मुलांना दूरचे दिसेनासे झाले, इतर शाळांत सुमारे 40 टक्के. तेव्हा खेळाचा तास गणिताला मागणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी मला क्षमा करावी, यापुढे मी तो देणार नाही.

दृष्टी तपासण्याचा तक्ता शाळेच्या कार्यालयाबाहेर सहा मीटरची रेघ आखून लावलेला आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तेथे असेन. पहिली-दुसरीच्या मुलांना आधी आणा.