विमानातला धोक्याचा माल आणि त्याला हात लावणारा माणूस



गोण्या आणि गाठी उचलणाऱ्यांत आयुष्य काढलेल्या आम्हां माणसांचा विमानाशी काय संबंध, असे कोणी विचारील. विमान आकाशात उडते खरे. पण त्यातला माल आधी जमिनीवर कोणीतरी बांधलेला असतो आणि आत काय आहे ते कोणीतरी लिहिलेले असते. त्या लिहिण्यावर किती प्राण अवलंबून असतात, तेवढेच आज आम्हांला सांगायचे आहे.

११ मे १९९६ रोजी अमेरिकेत मायामीहून अटलांटाकडे व्हॅल्यूजेट कंपनीचे ५९२ क्रमांकाचे विमान निघाले आणि सुमारे दहा मिनिटांत दलदलीत कोसळले. आतली ११० माणसे, सगळी गेली. आग मालाच्या कप्प्यात लागली होती. तेथे पुठ्ठ्याची पाच खोकी होती आणि कागदावर लिहिले होते : ऑक्सिजनचे डबे, रिकामे.

ते रिकामे नव्हते. प्रवाशांच्या मुखवट्यांना प्राणवायू पुरविणारे ते रासायनिक डबे. खटका पडला की आतल्या रसायनातून प्राणवायू सुटतो आणि डबा दोनशे अंशांहून अधिक तापतो. मुदत संपली म्हणून सेबरटेक या दुरुस्ती कंपनीत ते जुन्या विमानांतून काढले होते. पण मुदत संपणे निराळे आणि रिकामे होणे निराळे! खटक्यावर बसवायचे प्लॅस्टिकचे टोपण साठ्यात नव्हते. ते बसले नाही. तरी बसविल्याची सही मात्र झाली.

सही करणारा हात कामगाराचा होता, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. पण तो हात कोणत्या परिस्थितीत चालत होता? काम लांबले तर दर दिवसाला अडीच हजार डॉलर भुर्दंड, अशी कराराची अट. यंत्रज्ञ बरेचसे कंत्राटी. व्हॅल्यूजेटला धोक्याचा माल नेण्याची परवानगीच नव्हती. कप्प्यात धूर ओळखण्याचे साधन नाही, आग विझविण्याची सोय नाही. १९८८ साली नॅशव्हिल येथे एका विमानाच्या मालाच्या कप्प्यात आग लागल्यावर अपघात तपास मंडळाने या सोयी मागितल्या होत्या; सरकारच्या विमान खात्याने खर्चाकडे बोट दाखवून त्या नाकारल्या. ११० माणसे गेल्यावर, १९९८ साली, तोच हुकूम निघाला.

पुढे खटला झाला. १९९९ साली दोन कर्मचारी निर्दोष सुटले. २००१ साली वरच्या न्यायालयाने कंपनीवरचे बहुतेक दोष रद्द केले. टिकला तो एवढाच, की धोक्याचा माल कसा हाताळावा हे तिने कामगारांना शिकविले नाही. आमच्या मते सगळ्या प्रकरणाचे सार त्यात आहे.

हे दूरदेशीचे समजू नका. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. आग लागली, स्फोट झाले, शेकडो माणसे गेली. विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान त्यांत होते.

आज नियम आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने धोक्याच्या मालाचे नऊ वर्ग पाडले आहेत. वेष्टन, चिठ्ठी, शिक्षण, सगळे ठरलेले आहे. तरी माल नवा येतो. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ लिथियमच्या बॅटऱ्या असलेल्या मालवाहू विमानाला आग लागून दोन्ही वैमानिक गेले. आपल्या खिशातल्या टेलिफोनात तीच बॅटरी असते. सुटी बॅटरी सामानात न टाकता जवळ ठेवा, असे सांगतात ते म्हणूनच : जवळची आग दिसते आणि विझविता येते.

आमचे मागणे साधे आहे. माल उचलणाऱ्याला आत काय आहे ते त्याच्या भाषेत कळले पाहिजे. शंका आली तर ‘हे मी चढविणार नाही’ असे म्हणण्याचा हक्क त्याला पाहिजे, आणि म्हटल्यावर त्याची भाकरी जाता कामा नये. आणि तुम्ही, पार्सल पाठविणाऱ्यांनी, खोक्यात फटाके, अत्तर, बॅटरी असेल तर तसे सांगा. कचेरीने नाही म्हटले तर परत घेऊन जा. लपविलेल्या एका शब्दाची किंमत दुसराच कोणी मोजतो.