आधी जात, मग ओळख

इंग्रजी शब्द माहीत असतो, पण त्याचा अर्थ इंग्रजीतच सांगायचा म्हटलं की गाडी अडते. अशा वेळी आधी जात, म्हणजे प्रकार, सांगावी, मग ओळख: ‘अ बेकर इज अ पर्सन हू मेक्स ब्रेड.’ माणसाला ‘हू’, वस्तूला ‘दॅट’ किंवा ‘विच’, जागेला ‘व्हेअर’. मराठीत आपण ‘जो पाव भाजतो, तो बेकर’ असंही म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘हू’ नामानंतरच येतो, आणि मध्ये स्वल्पविराम नको. 1987 च्या कोबिल्ड या इंग्रजी शब्दकोशाने तर व्याख्या सरळ पूर्ण वाक्यांत दिल्या.

या युक्तीचा खरा उपयोग दुकानात. चहाच्या गाळणीचा शब्द आठवेना? ‘द थिंग यू पोअर टी थ्रू’ म्हणा. इथे ‘थिंग’नंतरचा ‘दॅट’ गाळला आहे, तरी चालतं. ‘हू मेक्स ब्रेड’मधला ‘हू’ मात्र गाळता येत नाही, कारण तो तिथे कर्ता आहे.