थंडीची राखण



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाला थंडीच्या यंत्राशी काय कर्तव्य, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आमचे उत्तर साधे आहे. यंत्र कोणतेही असो, ते उघडून पाहू लागले म्हणजे शेवटी माणसापाशीच यावे लागते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत लस ठेवण्याची एक शीतपेटी असते. पाड्यापाड्यांवरील तान्ह्या मुलांचे भवितव्य तिच्या पोटात असते. ती म्हातारी झाली म्हणजे तिची निगा कशी राखावी, हा आजचा विषय.

थंडी करणारे यंत्र म्हणजे श्रीमंतांची चैन, असा एक समज आहे. पण अमेरिकेतील फ्लोरिडात जॉन गोरी नावाच्या डॉक्टराने बर्फ करण्याचे यंत्र बनवले, ते तापाच्या रोग्यांच्या खोल्या गार राहाव्यात म्हणून. १८५१ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. त्याच्याही आधी, १८२३ साली, वायूवर दाब देऊन त्याचे द्रव करता येते हे मायकेल फॅरडेने दाखवले होते. फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता शिकलेला. तेव्हा हे यंत्र मुळातच रोग्यांसाठी जन्मले आणि श्रमिकाच्या मुलाने त्याची वाट मोकळी केली, हे ध्यानात असू द्यावे.

आता त्याचे कार्य पाहू. यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतली उष्णता उचलते आणि बाहेर नेऊन टाकते. कॉम्प्रेसर हा हमाल, नळीतला गॅस ही त्याची पाटी आणि मागची किंवा खालची जाळी, म्हणजे कंडेन्सर, ही ओझे उतरवण्याची जागा. शिडाच्या नौकेवरील वातानुकूल यंत्रात हे ओझे समुद्राच्या पाण्यात उतरवतात. तिथे शेवाळाने गाळणी बुजते आणि यंत्र रडू लागते. आमच्या डोंगरात ते हवेत उतरवतात. इथे धुळीने जाळी बुजते. ओझे टाकायला जागाच नसेल, तर बिचाऱ्या हमालाने करायचे काय? तो तापतो, धापा टाकतो आणि एके दिवशी बसतो. मग आपण म्हणतो, यंत्र जुने झाले!

एका केंद्रात आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. पेटी गार होत नव्हती. ‘गॅस संपला’ असा निकाल लागून वर पत्रही गेले होते. पेटी भिंतीला टेकलेली, फटीत औषधांची खोकी कोंबलेली, जाळीवर धुळीची गोधडी. खोकी काढली, पेटी वीतभर पुढे ओढली, वीज बंद करून ब्रशाने जाळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तापमापक जागेवर आला होता.

म्हणून तपासणीला क्रम असावा, आणि तो सोप्याकडून अवघडाकडे जावा. प्रथम प्लग आणि स्टॅबिलायझर पाहावा. खालच्या दाबाच्या विजेवर कॉम्प्रेसर घरघरतो आणि जळतो. मग जाळी आणि भिंतीपासूनचे अंतर. मग झाकणाचे रबर: कागदाची पट्टी झाकणात धरून ओढावी, ती सहज निसटली तर तिथून थंडीही निसटते आहे. मग आतला बर्फ: तो अर्ध्या सेंटीमीटरहून जाड झाला की काढावा, पण चाकूने खरवडून नव्हे. एवढे केंद्रातल्या माणसाने करावे. त्यापुढचे रिले, थर्मोस्टॅट आणि गॅस हे कारागिराचे काम.

गॅसविषयी एक शब्द. गॅस दिव्यातल्या तेलासारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो. कमी झाला असेल तर नळी कुठेतरी गळते आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय कोणता गॅस, हे पेटीवरच्या पट्टीवर वाचल्याशिवाय हात लावू नये. जुन्या यंत्रांतला एक गॅस ओझोनचे कवच खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने सोडला. नव्यांतला एक पेट घेणारा आहे.

ही पेटी घरच्या फ्रीजसारखी नाही. ती वरून उघडते, कारण थंड हवा जड असते आणि झाकण उघडले तरी सांडत नाही. तिच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते; चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी ती आपली थंडी सांभाळते. जव्हारच्या पावसाळ्यात झाड पडून तार तुटली म्हणजे या अस्तराची किंमत कळते.

आत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान हवे. वर गेले तर पोलिओची लस बिघडते. शून्याखाली गेले तर धनुर्वात, घटसर्प, काविळीच्या लसी गोठून निकामी होतात. उष्णता लागली, तर बाटलीवरचा छोटा चौकोन काळवंडून तसे सांगतो. गोठून गेलेली बाटली मात्र त्या चौकोनावरून ओळखता येत नाही. आणि इथेच सारा धोका आहे. दिवाळीनंतर आमची कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. निघण्याआधी एखादी आई दोन डोंगर ओलांडून लेकराला टोचून घेते आणि निर्धास्त होते. आतले औषध मेलेले होते, हे तिला कधी कळणार?

ते कळण्याचा मार्ग एकच: रोज सकाळ-संध्याकाळ तापमान वाचून तक्त्यावर लिहिणे. रविवारीही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने गिरणी कामगाराला १८९० साली रविवारची सुटी मिळाली. यंत्राला ती नाही. मग रविवारी पेटीपाशी येणाऱ्याची पाळी कागदावर ठरलेली असावी, त्याच्या दिवसाची बदली रजा त्याला मिळावी. ही मागणी लेकरांच्या हिताआड येणारी नाही. तीच लेकरांची राखण आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ज्या तक्त्यावर महिनोन्‌महिने ‘४, ४, ४’ असेच आकडे दिसतात, तो तक्ता आम्हांला भीती घालतो. वीज जाते, झाकण उघडते, ऋतू बदलतो. आकडा कसा हलत नाही? तो हलत नाही, कारण लिहिणाऱ्याचा हात भितो. ‘११’ लिहिले तर जाब त्यालाच विचारला जाणार. त्यात नोकरी कंत्राटी, वर्षावर्षाची. अशा माणसाकडून खरा आकडा मागणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय ठेवून त्याला गायला सांगणे.

‘११’ लिहिणाऱ्याला शाबासकी मिळाली पाहिजे. त्याने वेळीच लिहिले, तर लस बर्फाच्या पेटीत भरून शेजारच्या केंद्रात हलवता येते, संशयित बाटल्या बाजूला काढता येतात, कारागीर बोलावता येतो. बिघाड लपला, तर बिघडलेली लस दंडात जाते. म्हणून जुन्या यंत्राच्या दुरुस्तीत आम्ही तीन गोष्टी धरतो: हाताशी सुटे भाग, तालुक्याच्या टप्प्यात शिकलेला कारागीर, आणि तापमान लिहिणाऱ्या माणसाची निर्भय नोकरी. पहिल्या दोन पैशाने येतात. तिसरीसाठी आपण नागरिकांनी आवाज दिला पाहिजे.

उद्या आपल्यापैकी कोणी त्या बाजूच्या आरोग्य केंद्रात गेला, तर पेटीवरचा तक्ता जरूर पाहावा. आणि त्यावर एखादा वाईट आकडा प्रामाणिकपणे लिहिलेला दिसला, तर लिहिणाऱ्याचे नाव विचारून त्याला नमस्कार करावा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.